भिकाजीची होडी कोण ओढणार

जिनिव्हा,
रविवार, ४ जुलै १९५४

तीर्थरूप आबांच्या आणि आईच्या पायाशी हरिश्चंद्राचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र पोचेल तेव्हा वाडीत पाऊस कोसळत असेल, होड्या शाकारून किनाऱ्यावर निजल्या असतील आणि तुम्ही पडवीत घोंगडी पांघरून बसला असाल, असं धरून लिहितो आहे. सदू गुरुजी वाचत असतील तर त्यांनाही नमस्कार. गुरुजी, माझं अक्षर तुम्हीच वळवलेलं आहे, तेव्हा लागलं नाही तर दोष निम्मा तुमचा.

मी सुखरूप पोचलो. अरबी समुद्रात बोट अशी काही हलली की वरच्या वर्गातले साहेबलोकसुद्धा आडवे झाले. मी मात्र दोन्ही वेळ जेवत होतो. वाढणाऱ्या गोवेकराने विचारलं, "कुठचा रे तू?" म्हटलं, रत्नागिरीचा, मिरकरवाड्याच्या पलीकडच्या वाडीतला. त्यावर तो आणखी दोन डाव भात वाढून गेला. पुढे जिनोआला उतरून आगगाडी धरली. डोंगराच्या पोटातून गाडी इतका वेळ जाते की शेजारची बाई एक डुलकी काढून उठली तरी बाहेर अंधारच.

इथे समुद्र नाही. मोठं तळं आहे, पलीकडचा काठ धूसर दिसतो एवढं मोठं. पहिल्या दिवशी मी धक्क्यावर जाऊन बसलो आणि ओहोटीची वाट बघत राहिलो. ती येईचना. मग ध्यानात आलं की तळ्याला भरती-ओहोटी कुठली! सकाळी होडी जिथे बांधली तिथेच संध्याकाळी, तेवढ्याच उंचीवर. मला हसू आवरेना. मासाही मिळतो, पण गोड्या पाण्यातला. आईने एक घास खाल्ला असता तर माशाला ताप आलाय म्हणाली असती.

एक गोष्ट मात्र आबा, तुम्ही बघायला हवी होती. काठावर पाण्यात उतरत गेलेले लोखंडी रूळ आहेत, त्यावर चाकांची गाडी, गाडीवर होडी आणि वर एक दांड्याचं चाक. एक म्हातारा आला, तोंडात पाइप, सोबत कोणी नाही. त्याने चाक फिरवलं, होडी आपली घरंगळत पाण्यात. कोणाला हाक नाही, ओंडके नाहीत, आरडाओरडा नाही. परत आल्यावर तसंच चाक उलटं फिरवून होडी वर. मी त्याच्यामागे लागून सगळं बघून घेतलं, दाते कसे आहेत, दोर कसला आहे. त्याला वाटलं मी चोर आहे की काय.

आता वर्गाचं. निघताना तुम्ही विचारलं होतंत, मुंबईत एवढं लॉ कॉलेज असताना तिकडच्या उन्हाळी वर्गापुरतं जाऊन काय शिकणार? तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. इथे चोरीमारी, जमीनजुमला यांचा कायदा शिकवत नाहीत. निव्वळ माणूस म्हणून जन्माला आलं की कोणते हक्क आपोआप मिळतात, ते शिकवतात. मागच्या लढाईत लाखो माणसं मारली गेली आणि ती त्यांच्याच सरकारच्या कायद्याने मारली गेली. म्हणून सगळ्या देशांनी मिळून सहा वर्षांपूर्वी एक जाहीरनामा केला, त्यात तीस कलमं आहेत. त्यातलं एकोणतिसावं तुमच्या पसंतीचं आहे. माणसाची आपल्या समाजाप्रती कर्तव्यं असतात, कारण समाजात राहूनच तो पुरता माणूस होतो, असं त्यात म्हटलंय. गुरुजी, हे जरा मोठ्याने वाचा.

वर्गात वीसेक देशांची मुलं-मुली आहेत. माझ्या खोलीत आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टचा कोफी नावाचा मुलगा आहे. त्याचा बाप आपल्यासारखाच दर्यावर जाणारा. पहिल्याच रात्री आम्ही दोघांनी जाळ्याच्या गाठी एकमेकांना करून दाखवल्या. एक गाठ तर हुबेहूब आपलीच निघाली. हिचा शोध आधी कोणी लावला यावर आमचं भांडणसुद्धा झालं.

तिकडचं सगळं लिहा. घर गळतं का, आईचा गुडघा कसा आहे, नारळीपुनवेला यंदा नारळ कोण सोडणार. माझी पत्रं पूर्वी मथुराताई वाचून दाखवायची. आता गुरुजी वाचत असतील, असं वर लिहिलं ते अंदाजानेच. तुम्ही तिच्या घराचं काही कळवत नाही म्हणून मीही विचारत नाही.

तुमचा
हरी


जिनिव्हा,
शनिवार, २४ जुलै १९५४

तीर्थरूप आबांस सादर नमस्कार. आईला नमस्कार, आणि तिने हळद-तेल लावून गुडघ्याला नुसतं चोळत बसू नये, शेकावंही, हे सांगणे.

तुमचं उत्तर मिळालं. अक्षर गुरुजींचं आणि बोलणं तुमचं. घर गळत नाही, होड्या ठीक आहेत, यंदाचा नारळ तुम्हीच सोडणार, हे वाचून बरं वाटलं. शेवटची ओळ गुरुजींनी जशीच्या तशी उतरवली आहे: "त्या घराचा नाव पत्रात नको. पडवीत मानसा असतात."

बरं. नाव घेत नाही. वर्गात काय झालं तेवढंच सांगतो.

इथले मुख्य प्रोफेसर म्हातारे आहेत, कान थोडे जड. त्यांची एक रीत आहे. दर शुक्रवारी एकेकाने उठून आपल्या गावातली एखादी शिक्षा सांगायची, सरकारची नव्हे, लोकांनी ठरवलेली. मग बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. काल माझी पाळी होती. मी मोठ्या ऐटीत उभा राहिलो. म्हटलं, आमच्या वाडीत माझ्या आजोबांच्या वेळेपासून पोलीस आलेला नाही. मारहाण नाही, कोंडून ठेवणं नाही. गावकीने भैरीच्या देवळात बसून ठरवलं की एखादा चुकला, तर आम्ही त्याला वाळीत टाकतो. म्हणजे त्याला काहीही करत नाही. फक्त त्याच्याबरोबर जे करायचो ते थांबवतो. त्याने देवापुढे नारळ ठेवून चुकलं म्हटलं की त्याच दिवशी सगळं पूर्ववत.

मला खरंच वाटत होतं की ही माणसं म्हणतील, वा, किती सौम्य रीत आहे! लढाईत यांनी काय काय सोसलं ते मी ऐकलं होतं. त्यापुढे आपलं वाळीत टाकणं म्हणजे काहीच नाही, असा माझा हिशेब.

मग हॉलंडची एक मुलगी आहे, तिने विचारलं, "कोणतं काम थांबवता?" मी सांगत गेलो. विहिरीवर त्या घरच्या बाईने सगळ्यांचं झाल्यावर यायचं. विस्तव द्यायचा नाही. लग्नाला बोलवायचं नाही, मयताला जायचं नाही. आणि होडी ओढायची नाही. इथे मला थांबून समजवावं लागलं, कारण त्यांना ते चाकवाले रूळ माहीत. म्हटलं, आमच्याकडे पावसाळ्याआधी प्रत्येक होडी सगळी वाडी मिळून वर ओढते आणि नारळीपुनवेला सगळी वाडी मिळून पाण्यात ढकलते. एकट्याने ती तसूभर हलत नाही.

"सध्या कोणी आहे का वाळीत?" प्रोफेसरांनी कानाशी हात नेऊन विचारलं.

आहे म्हटलं, एक माणूस. आबा, मी नाव घेतलं नाही.

त्याने काय केलं, हा पुढचा प्रश्न. ते सांगताना माझीच जीभ अडखळायला लागली. जूनच्या पहिल्याच दिवसांत, पाऊस तोंडावर आला असताना, दुसराच एक जण वाळीत होता, लवू त्याचं नाव. दर्या खवळलेला, त्याची होडी लाटेत आपटत होती आणि तो एकटाच तिला खांदा लावून होता. सगळी वाडी किनाऱ्यावर उभी राहून बघत होती. हा माणूस धावत गेला आणि त्याने खांदा लावला. दोघांनी आणि दर्याच्या एका मोठ्या लाटेने मिळून ती कशीबशी वर आली. वाळीत असलेल्याला जो हात लावील तोही वाळीत, असा नियम आहे. म्हणून हाही वाळीत.

"आणि लवू?"

लवूने आठवड्याभरात नारळ ठेवला, चुकलं म्हटलं. तो गावात परत आला.

"म्हणजे लवू या माणसाची होडी ओढणार?"

नाही, म्हटलं. नियमाने त्याला ओढता येत नाही.

वर्ग हसला. वाईट हसला नाही, पण हसला. मीही हसलो. इतके दिवस ही गोष्ट माझ्या डोक्यात होती, पण परक्या भाषेत एकाखाली एक मांडेपर्यंत ती अशी दिसते हे मला कळलंच नव्हतं.

मग खरा वाद सुरू झाला. प्रोफेसरांनी विचारलं, तुमच्याकडे याविरुद्ध कायदा नाही का? आहे, म्हटलं. मुंबई सरकारने पाच वर्षांपूर्वी बहिष्काराविरुद्ध कायदा केलेला आहे. मग तो फिर्याद का करत नाही? मी म्हटलं, त्याच्या बायकोने मुंबईला मला पत्र घातलं होतं, त्यात त्याचे शब्द होते: "सासऱ्यावर फिर्याद? त्यापरीस होडी जाळीन." एका फ्रेंच मुलाने तरीही न्यायालयाचा हुकूम लिहून काढला, की अमुक दिवशी गावाने अमुक होडी ओढावी. त्यावर जेवणाची सुट्टी होईपर्यंत कडाकडा भांडण. गावाला छळ करण्यापासून कायदा अडवू शकतो, पण खांदा लावायला लावू शकतो का? निम्मे म्हणाले हो, निम्मे म्हणाले छे. मला स्वतःला अजून उत्तर सापडलेलं नाही. रोज एकदा इकडे आणि एकदा तिकडे होतो.

शेवटी कोफीने एकच प्रश्न विचारला, आणि तो दर्यावरच्या माणसालाच सुचावा असा होता.

"सगळे एकदम जोर लावतात, तर पहिली हाक कोण देतं?"

मी खाली बघितलं. म्हटलं, गावकर देतो, म्हणजे गावकीचा प्रमुख. त्याची हाक आल्याशिवाय कोणी होडीला हात लावत नाही, आणि हाक आल्यावर कोणी मागे राहत नाही.

"आणि गावकर कोण आहे?"

आबा, तिथे मला खोटं बोलता आलं नाही. म्हटलं, माझे वडील. आणि तो माणूस माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा.

प्रोफेसरांना ऐकू गेलं नसावं, त्यांनी शेजारणीला विचारलं. तिने त्यांच्या कानात सांगितलं. मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि आजचा वर्ग इथे संपला म्हणाले.

तेव्हा आता नाव घेतो, पडवीत कोणी का बसलेलं असेना. भिकाजी भावोजी. मथुराताई. आपल्या घरासमोरचं घर. नारळीपुनवेला भावोजींची होडी पाण्यात गेली नाही तर हंगाम गेला, आणि हंगाम गेला की ती दोघं पोरांना घेऊन मुंबईला गोदीत कामाला जाणार, हे ताईने मला लिहिलंय. गेलेलं बिऱ्हाड परत आलंय असं वाडीत कधी झालंय का, तुम्हीच सांगा. आईला रोज समोरचं दार उघडं दिसतं आणि बोलता येत नाही. उद्या दाराला कुलूप दिसेल.

भावोजींनी नारळ ठेवावा, एवढंच तुमचं म्हणणं, हे मला माहीत आहे. तुम्ही त्यांच्यावर रागावून हे केलेलं नाही, हेही माहीत आहे. जावई म्हणून सूट दिली तर उद्या गावकीचा नियम कोण मानील, असा तुमचा विचार. तो चुकीचा आहे असं मला म्हणता येत नाही. पण त्यांनी काय बोलून माफी मागायची? बुडत्याला हात दिला, चुकलं?

मला खरंच जाणून घ्यायचं आहे. गुरुजींकरवी उत्तर द्या.

तुमचा
हरी


जिनिव्हा,
बुधवार, २८ जुलै १९५४

तीर्थरूप आबांस आणि आईस साष्टांग नमस्कार.

मागच्या पत्राचं उत्तर यायच्या आत हे लिहितो आहे, कारण उत्तर येईपर्यंत मी इथे नसेन. आज रात्रीच्या गाडीने जिनोआला जातो, तिथून मुंबईची बोट. पावसाळ्यात रत्नागिरीच्या आगबोटी बंद, तेव्हा मुंबईहून आगगाडीने कोल्हापूर आणि मग एसटीने आंबा घाट उतरून येईन. दरड कोसळली नाही तर नारळीपुनवेच्या आदल्या दिवशी वाडीत असेन. हे पत्र विमानाने येतंय, म्हणजे माझ्याआधी पोचेल. ते पोचावं आणि सगळ्यांसमोर वाचलं जावं, अशी माझी इच्छा आहे. गुरुजी, एकही ओळ गाळू नका.

वर्ग संपायला अजून अडीच आठवडे आहेत. आधी निघालो म्हणून सर्टिफिकेट मिळणार नाही. प्रोफेसरांना तसं सांगायला गेलो तेव्हा मला वाटलं ते रागावतील. त्यांनी उलट नारळीपुनव म्हणजे काय, नारळ सोनेरी कागदात गुंडाळतात तो का, दर्याला तो पोचला हे कसं समजतं, असे इतके प्रश्न विचारले की माझी गाडी चुकायची वेळ आली. शेवटी म्हणाले, कागद महत्त्वाचा नाही, काय झालं ते कळवा. कोफीला तर पत्रापर्यंत धीर नाही. त्याला तार हवी आहे, एका शब्दाची. ओढली की नाही ओढली. त्याने पैज लावली आहे, कोणत्या बाजूने ते सांगत नाही.

आता मुद्द्याचं. आबा, मी वाडीत आलो की घरी येऊन तुमच्या पाया पडेन, आईच्या हातची पेज खाईन. दुसऱ्या दिवशी नारळ सोडायला तुमच्या मागोमाग येईन. त्यानंतर होड्या उतरवायला लागलात की मी भावोजींच्या होडीशी जाऊन उभा राहीन आणि तिला खांदा लावीन.

मी काही मोठा जोरवाला नाही, कॉलेजात बसून हात मऊ झालेत. मी आणि भावोजी मिळून ती हलणार नाही. ताईने पदर खोचून जोर लावला तरी हलणार नाही. मिरकरवाड्याच्या मुसलमान मच्छीमारांतले सुलेमानचाचा तिथली माणसं घेऊन येतील असं पूर्वी मला वाटायचं, पण त्यांनी ताईला सरळ सांगितलंय, "तुमच्या गावकीत आमी हात घालनार नाय, उद्या आमच्या जमातीत तुमी घालाल." तेही बरोबरच. म्हणजे होडी तिथेच राहील, आणि आम्ही तिघं तिला टेकून उभे असू. वाडीभर हसू होईल. होऊ दे.

मी हाक देणार नाही. ती तुमची आहे, मला ती देता येत नाही आणि मी दिली तर कोणी हलणार नाही. कोर्टातही जाणार नाही. कायदा मला पाठ आहे आणि तो चांगला आहे, इथे आल्यापासून तर मला तो जास्तच आवडायला लागलाय. एखाद्या परक्या वाडीतल्या परक्या माणसासाठी मी उद्या तो हातात घेऊन उभा राहीन. पण इथे ज्याच्यावर अन्याय झाला तोच नको म्हणतो, आणि मी त्याच्यापेक्षा शहाणा नाही.

एकच मागणं आहे. वाळीत असलेल्याच्या होडीला जो खांदा लावील तोही वाळीत, हा नियम तुम्ही भावोजींना लावलात. तो मला तसाच लावा. मुलगा आहे म्हणून, शिकलेला आहे म्हणून, परदेशातून आला आहे म्हणून डोळेझाक करू नका. पडवीतले कोणी म्हणतील, पोरगा आहे, जाऊ दे, त्याला रीत कळत नाही. त्यांना सांगा, त्याला रीत चांगली कळते, वीस देशांच्या पोरांसमोर त्याने ती समजावून सांगितली आहे. मी नारळ ठेवणार नाही. मग विहिरीवर मी सगळ्यांच्या नंतर येईन आणि समोरच्या घरात जेवीन. आईला दोन पोरांसाठी दोन दारं बघावी लागणार नाहीत, एकच.

मला भीती वाटते आहे, हे लपवत नाही. बोटीत बसल्यावर तर आणखी वाटेल. तुम्ही नियम मोडावा असं मला वाटत नाही आणि तो पाळावा असंही वाटत नाही. तुमच्या तोंडून काय निघेल याचा अंदाज बांधायला गेलो की माझं डोकं चालत नाही, इथल्या एवढ्या व्याख्यानांचा काही उपयोग होत नाही. लहानपणी तुमची हाक आली की माझे हात आपोआप होडीला लागायचे, काय ओढतोय हे बघायच्या आधी. कोणाची होडी आहे, हे तुम्ही तेव्हा कधी विचारलेलं मला आठवत नाही. त्या दिवशी किनाऱ्यावर तुम्ही हाक दिलीत तर लवूसकट सगळी वाडी धावेल. नाही दिलीत, तर नियमाप्रमाणे माझं नाव घ्या. मोठ्याने घ्या, मला होडीजवळ ऐकू येईल असं.

नारळीपुनवेपर्यंत गावाचा,
आणि त्यानंतर, काहीही झालं तरी, तुमचाच
हरिश्चंद्र